रामेश्वर–कन्याकुमारी सहलीत दुपारचं गणित आधी मांडा

मदुराईत उतरायचं, रामेश्वर, तिरुचेंदूर, कन्याकुमारी करत तिरुवनंतपुरमहून परतायचं. सहा दिवस पुरतात. जानेवारी-फेब्रुवारीत जा, ऑक्टोबर ते डिसेंबर तिथला खरा पावसाळा. तिकिटं आणि खोल्या तुम्ही काढालच.

‘रामेश्वर काय, एका दिवसात होतं’ म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. दोन रात्री हव्यातच. देऊळ दुपारी एकच्या सुमारास बंद होतं ते तीनला उघडतं, आणि सगळा घोळ इथेच होतो. पहिल्या खेपेला आम्ही न्याहारी वगैरे करून निवांत अग्नितीर्थावर, म्हणजे समुद्रात, बुडी मारली आणि देवळातल्या बावीस तीर्थांच्या रांगेत शिरलो. ही तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरी. काठावरचा माणूस पोहरा उपसून डोक्यावर ओततो, की निथळत पुढच्या विहिरीकडे. ओलेत्याने गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, हे तेव्हा कळलं. कोरडे कपडे लॉजवर! बदलून येईतो दार बंद. आईने काशीहून जपून आणलेला गंगाजलाचा गडू तिच्या मांडीवर तसाच.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला. पोचल्या दिवशी धनुष्कोडी. 1964 च्या वादळात उद्ध्वस्त झालेल्या गावातले चर्चचे अवशेष बघून बेटाच्या टोकापर्यंत जायचं, पण दुपारीच, कारण संध्याकाळी पोलीस परत पाठवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला कोरड्या कपड्यांत स्फटिकलिंगाच्या रांगेत, कारण त्याचं दर्शन पहाटेच असतं. मग समुद्र, मग विहिरी, मग कपडे बदलून मुख्य दर्शन. कोरड्या कपड्यांची पिशवी एकाने सांभाळायची. त्याची अंघोळ नंतर. जीन्स तर घालूच नका, पाणी पिऊन मणाची होते. बायकांनी सुती साडीऐवजी गडद रंगाचा, लवकर वाळणारा पंजाबी ड्रेस घालावा. फरशी भयंकर निसरडी असते, म्हाताऱ्यांचा हात सोडू नका. मोबाइल खोलीवर.

तिरुचेंदूरला मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं, देऊळ थेट किनाऱ्यावर आहे, वाटेत अर्धा दिवस द्या.

कन्याकुमारीला विवेकानंद शिलेची बोट सकाळीच गाठा. समुद्र खवळला की फेऱ्या बंद.

तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामींच्या देवळात पुरुषांना उघड्या अंगाने, मुंडू (लुंगीसारखं गुंडाळायचं वस्त्र) किंवा धोतर नेसूनच सोडतात. मुंडू बाहेर मिळतं, पण नेसून टिकवायची सवय घरी करून जा.