बर्लिनचा चौकोनी रणगाडा: १/३५ मॉडेलवर शहरी कॅमोफ्लाज कसा रंगवावा

लष्करी गाडी म्हटली की हिरवे-काळे किंवा वाळूच्या रंगाचे वेडेवाकडे पट्टे डोळ्यांपुढे येतात. पश्चिम बर्लिनमधल्या ब्रिटिश सैन्याचे चीफ्टन रणगाडे मात्र पांढऱ्या, तपकिरी आणि निळसर राखाडी चौकोनांनी रंगवलेले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मेजर क्लेंडन डॉक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने ही रंगरचना आखली. झाडीत लपणारा हिरवा-काळा रणगाडा काँक्रीटच्या भिंतीपुढे उठून दिसतो. शहरात नजरेला खिडक्या, दारे, भिंतींचे कोपरे अशा उभ्या-आडव्या रेषाच दिसतात. त्यांत मिसळायचे तर रंगांच्या कडाही तशाच हव्यात.

प्लास्टिकच्या पार्टचे किट जोडून मॉडेल करणाऱ्यासाठी यातून एक गोष्ट ठरते. हिरव्या-काळ्या पट्ट्यांत हात थोडा हलला तर कुणाला कळत नाही. इथे एक रेष तिरकी गेली की सगळा रणगाडा तिरका दिसतो. म्हणून या कामातला बराचसा वेळ रंग मारण्यात नाही, मोजण्यात आणि टेप लावण्यात जातो. तो मनापासून द्यायची तयारी असेल, तर याहून देखणे मॉडेल कपाटात दुसरे नसेल.

किट कुठले घ्यावे

१/३५ हे प्रमाण, म्हणजे खऱ्याचा पस्तिसावा भाग, यासाठी उत्तम. खऱ्या चीफ्टनची हल, म्हणजे खालचा मुख्य सांगाडा, सुमारे साडेसात मीटर लांब आहे. या प्रमाणात तो २१ सेंटीमीटरच्या आसपास येतो आणि तोफ पुढे धरली तर मॉडेल ३१ सेंटीमीटरपर्यंत जाते. याहून लहान प्रमाणात चौकोन इतके बारीक होतात की टेप कापणे जिवावर येते.

तामिया कंपनीचा चीफ्टन मार्क ५ (मार्क म्हणजे रणगाड्याची आवृत्ती) हा १९७० च्या दशकातला साचा आहे. पार्ट कमी, जुळणी सोपी, किंमत आवाक्यातली. ताकोम आणि मेंग यांचे मार्क १० अलीकडचे आणि कितीतरी जास्त तपशिलाचे आहेत. मार्क १० च्या टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, पुढच्या बाजूला ‘स्टिलब्रू’ नावाचे जादा चिलखत असते. १९८९ च्या बर्लिनमधल्या संचलनाच्या फोटोंतले रणगाडे असे आहेत. तेव्हा आधी फोटो ठरवा, मग त्याला जुळणारे किट घ्या.

पहिल्यांदाच मॉडेल करणार असाल तर चीफ्टनच्या आधी एफव्ही ४३२ ही चिलखती गाडी करा, असे मी आग्रहाने सांगेन. बर्लिनमध्ये तिलाही हेच रंग होते आणि तिच्या बाजू पेटीसारख्या सपाट आहेत. चीफ्टनच्या गोलसर टरेटवर सरळ रेष बसवणे हे वेगळेच काम आहे.

हत्यारे आणि सामान

निपर, धारदार क्राफ्ट नाइफ, स्टीलची पट्टी आणि कटिंग मॅट एवढे तर हवेच. पट्टी आणि मॅट पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. ४००, ६०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर आणि टर्पेंटाइनसाठी रविवार पेठेत बोहरी आळी गाठा. किट, मॉडेलचे रंग आणि चांगली मास्किंग टेप मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते.

गोंदाबाबत गोंधळ नको. फेव्हिकॉल या प्लास्टिकला धरत नाही. फेव्हिक्विक पितळेच्या बारीक पार्टपुरते ठीक, पण त्याची पकड ठिसूळ असते. पॉलिस्टायरीनसाठी, म्हणजे किटच्या प्लास्टिकसाठी, पातळ लिक्विड सिमेंटच घ्या. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करते, म्हणून ब्रशाने जॉइंटला नुसते टेकवले तरी पुरते.

जुळणी

पार्टच्या फ्रेम, म्हणजे स्प्रू, आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवून वाळवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर पुढे टेपबरोबर रंगही उचलून येतो. पार्ट स्प्रूपासून दोन टप्प्यांत कापा, आधी लांबून, मग जवळून, आणि उरलेला ठिपका वॉटर पेपरने घासा.

चीफ्टनचा टरेट ओतीव पोलादाचा आहे, त्यामुळे खऱ्या रणगाड्यावर तो किंचित खडबडीत दिसतो. जुन्या किटमध्ये तो गुळगुळीत असतो. मॉडेल पुट्टी पातळ करून राठ ब्रशाने ठोकत लावा आणि वाळल्यावर हलकेच घासा. ओतीव पोलाद जवळून बघायचे असेल तर पुण्याहून सुमारे १२० किलोमीटरवर अहिल्यानगरला रणगाडा संग्रहालय आहे. तिथला ब्रिटिश सेंच्युरियन हा चीफ्टनच्या आधीच्या पिढीचा. त्याच्या टरेटपाशी पाच मिनिटे उभे राहिलात की पुट्टी किती खडबडीत ठेवायची ते नेमके कळते. फोटोवरून तेवढे समजत नाही.

चाके, पट्टे (चाकांभोवती फिरणाऱ्या साखळ्या) आणि त्यांच्यावरचे बाजूचे पत्रे यांचा क्रम महत्त्वाचा आहे. चौकोन हलवरून खाली थेट या पत्र्यांवर उतरतात, म्हणून रंगवताना पत्रे जागेवर हवेत. पण ते कायमचे चिकटवले तर मागची चाके रंगवता येत नाहीत. तेव्हा आधी खालचा भाग आणि चाके रंगवून पट्टे चढवा, मग पत्रे ब्लू टॅकने, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट पुट्टीने, तात्पुरते बसवा. पट्ट्यांना रबराचे पॅड असल्याने तो भाग काळपट राखाडी ठेवा आणि धातूची चमक फक्त कडांना द्या.

आराखडा

हा टप्पा बहुतेक जण टाळतात आणि मग सगळे बिघडते. किटच्या माहितीपत्रकात रणगाड्याची समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि वरून अशी चित्रे असतात. ती झेरॉक्सच्या दुकानात मॉडेलच्या मापाला मोठी करून घ्या. चित्रातली हल १२ सेंटीमीटर असेल आणि मॉडेलची २१, तर १७५ टक्के सांगा. प्रत्येक चित्राच्या तीन-चार प्रती काढा.

आता फोटो समोर ठेवून चौकोन कागदावर उतरवा. माप अंदाजाने नको. फोटोत एक चौकोन चाकाच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहा आणि तेच गुणोत्तर कागदावर ठेवा. १/३५ मध्ये खरा एक मीटर म्हणजे साडेअठ्ठावीस मिलिमीटर. खऱ्या गाडीवर ४५ सेंटीमीटरचा चौकोन असेल तर मॉडेलवर तो साधारण १३ मिलिमीटर होतो. एका प्रतीवर रंगीत पेन्सिलीने तिन्ही रंग भरा आणि प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या. ठिपक्यांच्या रांगोळीत ठिपके नीट पडले की रेषा आपोआप जुळतात, तसे इथे कागदाचे आहे.

कोपऱ्यांवर जास्त वेळ द्या. बाजूवर संपणारा चौकोन वरच्या पत्र्यावर कुठे सुरू होतो, हे दोन चित्रे एकमेकांना लावून तपासा. अवजारांच्या पेट्यांवरून जाताना चौकोन पेटीच्या आकाराप्रमाणे वळत नाही, तो पेटीवरून सरळ पुढे जातो. वाहनाची बाह्यरेषा मोडण्याची सारी करामत यातच आहे. पेटीला वेगळा रंग आणि झाकणाला वेगळा असे केलेत तर कॅमोफ्लाजचा अर्थच जातो.

रंग आणि त्यांचा क्रम

शुद्ध पांढरा वापरू नका. लहान मॉडेलवर तो डोळ्यांना खुपतो आणि आकार खेळण्यासारखा दिसतो. तामियाच्या एक्सएफ-२ पांढऱ्यात थोडा एक्सएफ-५५ डेक टॅन मिसळला की उन्हापावसात राहिलेला पांढरा मिळतो. निळसर राखाडीसाठी एक्सएफ-१९ स्काय ग्रे आणि थोडा एक्सएफ-१८ मीडियम ब्लू यांपासून सुरुवात करा. तपकिरीसाठी एक्सएफ-६४ रेड ब्राउन जवळचा आहे, पण तोही किंचित फिका करा. प्रत्येक मिश्रण पुठ्ठ्यावर लावून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली निळा फसवतो. लागेल त्यापेक्षा जास्त रंग एकाच वेळी कालवून बाटलीत ठेवा, कारण नंतर तीच छटा पुन्हा जमत नाही.

आधी राखाडी प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर), मग पांढरा, मग निळसर राखाडी, शेवटी तपकिरी. पांढरा रंग गडद रंगाला झाकत नाही, म्हणून फिक्याकडून गडदकडे जायचे. ०.३ मिलिमीटर नोझलचा एअरब्रश (रंग फवारणारे पेनासारखे हत्यार), एक ते दीड बार दाब, आठ-दहा सेंटीमीटर अंतर आणि पातळ थर. एअरब्रश नसेल तर चपट्या मऊ ब्रशानेही हे काम छान होते, कारण कडा टेपच देते. फक्त थर पातळ आणि जास्त द्यावे लागतात. फवारताना मास्क आणि उघडी गॅलरी हवीच.

पुण्याच्या हवेचा इथे विचार करावाच लागतो. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर आणि मॅट वॉर्निश पांढरट पडतात, तेव्हा उघडीप बघून भर दुपारी काम करा. एप्रिल-मेमध्ये उलटा त्रास. ॲक्रिलिक हवेतच वाळते आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. मग सकाळी लवकर बसा आणि रंगात दोन थेंब रिटार्डर, म्हणजे वाळणे लांबवणारा द्रव, घाला. दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. मुलांचे किल्ले झालेले असतात आणि घरात थोडी मोकळी जागाही असते.

टेप

पांढरा निदान एक दिवस वाळू द्या. मग जे चौकोन पांढरेच राहणार आहेत ते टेपने झाका. मॉडेलसाठी मिळणारी पिवळी पातळ टेपच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातली सुरकुत्यांची टेप जास्त चिकट असते आणि तिची कड सरळ नसते. तीच वापरायची वेळ आली तर काचेवर लावून पट्टीने नवी कड कापा आणि दोनदा तळहातावर चिकटवून काढा, म्हणजे चिकटपणा उतरतो. चौकोन आराखड्यावरून कापा, मॉडेलवर कापू नका. नाइफचा ओरखडा शेवटी वॉश, म्हणजे फटींत भरायचा पातळ गडद रंग, देताना काळा होऊन उठतो.

टेप बसवल्यावर कडा टूथपिकने दाबा, विशेषतः बिजागऱ्या आणि बोल्टच्या भोवती. गोलसर टरेटवर अखंड चौकोन सुरकुततो. तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांनी आधी चौकट आखा आणि आतला भाग तुकड्यांनी भरा.

आता ज्याने बहुतेकांचे काम वाचते ते. निळसर राखाडी मारण्याआधी टेपच्या कडांवर पुन्हा एक पातळ थर पांढऱ्याचाच द्या. फटीत जो रंग शिरायचा तो पांढराच शिरतो, फट बुजते आणि पुढचा रंग आत जात नाही. तपकिरीच्या वेळी हेच, पण निळसर राखाडी वापरून. जुनी टेप काढू नका. नव्या चौकोनांची टेप तिच्या शेजारीच लावत जा.

तपकिरी हाताला लागेनासा झाला की त्याच दिवशी सगळी टेप काढा, कारण उन्हाळ्यात चिकटा मागे राहतो. टेप वर ओढू नका. स्वतःवरच दुमडत, पृष्ठभागाला समांतर, सावकाश काढा. कुठे कड फाटलीच तर शून्य नंबरच्या ब्रशाने तोच रंग लावा.

वॉश, धूळ आणि शेवटचा थर

ग्लॉस वॉर्निश, मग डीकल (चिन्हे-आकड्यांचे पातळ स्टिकर), मग पुन्हा एक हलका ग्लॉस. वॉशसाठी विद्यार्थ्यांचे साधे तैलरंग पुरतात: बर्न्ट अंबर आणि थोडा काळा टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करा आणि फक्त फटी, बोल्ट आणि वेल्डच्या कडांना टोकदार ब्रशाने लावा. पांढऱ्या चौकोनांत काळा वॉश नको. तिथे राखाडी-तपकिरी वापरा, नाहीतर पांढऱ्यावर काजळी सांडल्यासारखे दिसते.

चिखल लावायचा मोह आवरा. हे रणगाडे मोठ्या शहरात ठेवलेले होते, डांबरी रस्त्यांवर चालत आणि संचलनात मिरवत. आपल्याकडच्या मुरमाचा तांबडा रंग त्यांच्या चाकांवर चुकीचा दिसेल. खडूची राखाडी भुकटी चाकांवर आणि पत्र्यांच्या खालच्या कडेला, एक्झॉस्टच्या तोंडाशी थोडी काजळी, एवढेच. चौकोन स्वच्छ राहिले तरच दिसतात.

शेवटी मॅट वॉर्निशचा एक पातळ थर कोरड्या दिवशी द्या. पेरिस्कोपच्या काचा त्यानंतर ग्लॉसने चमकवा, अँटेना लावा आणि बाजूचे पत्रे ब्लू टॅक काढून कायमचे चिकटवा.