स्नॅग लिहायला शिकताना

स्नॅग म्हणजे विमानात जाणवलेला बिघाड. सोलोच्या, म्हणजे एकटीने विमान उडवण्याच्या, सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. सेसना १५२ उतरवली आणि रनवेवर वेग कमी होताना पुढचं चाक थडथडायला लागलं. रडर पेडलमधून पायांना चांगलंच जाणवलं. मी कुणालाच काही बोलले नाही. माझंच लँडिंग बिघडलं असेल, सांगितलं तर इन्स्ट्रक्टर त्यावरच बोलतील, अशी भीती होती. पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) गेलेल्या मुलालाही तेच झालं. त्याने उतरल्याउतरल्या सांगितलं. चाकाची थडथड शोषणारा शिमी डॅम्पर गळत होता. मी गप्प बसले म्हणून तो तेच विमान घेऊन गेला, हे मला आजही टोचतं.

चूक आपली की यंत्राची, हे विद्यार्थ्याने ठरवायचं नसतं. जे जाणवलं ते सांगायचं आणि टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहायचं. नुसतं तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की हरवतं.

लिहायचं कसं, हे मला हँगरमधल्या एका एएमईंनी (विमान देखभाल अभियंत्यांनी) शिकवलं. 'इंजिन रफ' एवढंच मी लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, कोणत्या मॅग्नेटोवर (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र)? किती आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) पडले? मला आठवेना. मग त्यांनी समजावलं : या इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकात दोन प्लग. किल्ली 'लेफ्ट'वर असताना डावा मॅग्नेटो एकटाच ठिणगी देतो, म्हणजे आठांपैकी चारच प्लग पेटतात. बाजू कळली की शोध तिथेच निम्म्यावर येतो. १५२ वर रन-अप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची तपासणी, १७०० आरपीएमला करतात. एका मॅग्नेटोवर १२५ पेक्षा जास्त घट नको आणि दोन्हींतला फरक ५० च्या आत हवा.

नंतरची माझी नोंद अशी होती : 'रन-अप १७००. उजवा ७०, डावा १४०, डाव्यावर थरथर. मिक्स्चर लीन करून (इंधनाचं प्रमाण कमी करून) पुन्हा पाहिलं, फरक नाही. उड्डाण न करता परत.' डाव्या मॅग्नेटोचा एक प्लग शिशाच्या थराने भरलेला निघाला.

इंधनात पाणी आहे का हे बघायला कपात घेतात त्या नमुन्याबद्दलही सांगते, कारण तिथे घाई होते. पाणी जड असल्याने तळाशी बसतं, म्हणून सगळे दोन थरांमधली रेघ शोधतात. पण कपात नुसतं पाणीच आलं तर रेघ दिसणारच नाही. १०० एलएल हे विमानाचं इंधन निळसर असतं. कप उजेडात धरून आधी रंग बघा.

आकडे त्याच क्षणी मांडीवर बांधलेल्या नी-पॅडवर टिपा. इंजिन बंद करून दाराबाहेर पडेपर्यंत १४० चे १२० होतात.