नेता खरंच तसं बोलला का? वादग्रस्त वक्तव्य मुळापर्यंत तपासण्याची रीत

ग्रुपवर एक प्लेट, म्हणजे बातमीचं तयार चित्र, येते. नेत्याचा फोटो, एखाद्या वृत्तवाहिनीचा लोगो आणि खाली विरोधकांना झोडपून काढण्याची भाषा. वाचणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात, हा माणूस असं बोलणारच. उरलेले म्हणतात, शक्यच नाही. तपासायला बसताना हे दोन्ही अंदाज बाजूला ठेवा. तुम्हाला नेत्याचा स्वभाव तपासायचा नाही, एक घटना शोधायची आहे: कोणत्या दिवशी, कुठे, कोणासमोर. प्लेटवर यातलं काहीच नसेल तर ती पुढे पाठवायची नाही, एवढं तिथेच ठरवा. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. अशा शहरात हिंसेची भाषा कुणी केली असेल तर ती नोंदली गेलीच पाहिजे, आणि केली नसेल तर कुणाच्या तोंडी घातली जाता कामा नये.

प्लेट खरी आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. त्या वाहिनीच्या अधिकृत पानावर जाऊन त्याच आठवड्यातल्या दोन-तीन प्लेट काढा आणि शेजारी ठेवून बघा. अक्षराचा टंक, पट्टीचा रंग, लोगोची जागा आणि ओळींमधलं अंतर जुळतंय का? फुकटच्या अ‍ॅपवर बनवलेल्या प्लेटमध्ये रफार आणि वेलांट्या बरेचदा जागा सोडतात. मग वाक्यातले चार-पाच वेगळे शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. अख्खं वाक्य टाकू नका, कारण प्रत्येक बातमीदार शब्द थोडे फिरवतो. भाषण मराठीत झालं असेल तर शोधही मराठीतच घ्या. नेत्याच्या पूर्ण नावासोबत दादा, ताई, साहेब अशी रूपंही टाकून बघा, मथळ्यांत तीच असतात. दहा संकेतस्थळांवर तेच वाक्य त्याच चुकीसह दिसलं, तर ते दहा पुरावे नव्हेत. मूळ एकच आहे, बहुधा एखादी वृत्तसंस्था किंवा एखादी पोस्ट. तिथपर्यंत जा.

खरं काम व्हिडिओत आहे. तुकडा पाहताना आधी नेत्यासमोरचे बूम, म्हणजे वाहिन्यांचे लोगो लावलेले माईक, बघा. ज्या वाहिन्यांचे माईक दिसतात, त्यांच्याकडे ते चित्रण असणारच. त्यांच्या यूट्यूब पानावर त्या तारखेचं थेट प्रक्षेपण शोधा. पक्षाच्या आणि स्थानिक उमेदवाराच्या फेसबुक पानावरही अख्खी सभा बरेचदा पडून असते. तारीखच माहीत नसेल तर मागचा फलक स्पष्ट दिसेल अशा तीन-चार ठिकाणी स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्स व यांडेक्स, दोन्हींवर टाका. एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं.

पूर्ण भाषण मिळालं की वादाच्या वाक्याआधीची पाच आणि नंतरची पाच मिनिटं ऐका. नेहमीची फसवणूक इथेच असते. नेता विरोधकाचं वाक्य उद्धृत करून त्यावर टीका करत असतो आणि ‘ते म्हणतात’ एवढंच कापलेलं असतं. कधी ‘जर’पासून सुरू झालेल्या वाक्यातला फक्त ‘तर’ उरतो. एप्रिल २०२४ मध्ये अमित शहांचं तेलंगणातलं जुनं भाषण असंच बदलून फिरवलं गेलं. मूळ भाषणात मुस्लिम आरक्षण रद्द करण्याची भाषा होती, तर फिरलेल्या फितीतून अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींचं आरक्षण रद्द करण्याची भाषा ऐकू येत होती. दिल्ली पोलिसांनी गुन्हाही नोंदवला. असा काप शोधायचा असेल तर संगणकावर यूट्यूब थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक चौकट (फ्रेम) मागेपुढे करा. हात अचानक जागा बदलतो का? टाळ्या मध्येच तुटतात का? मात्र बातमीतल्या तुकड्यातही काप असतात, त्यामुळे काप दिसला म्हणजे लबाडी झाली असं नाही. काय कापलं, ते महत्त्वाचं.

जुनी फीत नवी म्हणून फिरते तेव्हा चिन्हं उपयोगी पडतात. फलकावर ठाकरे गटाची मशाल असेल तर सभा ऑक्टोबर २०२२ नंतरची, आणि शरद पवार गटाची तुतारी असेल तर फेब्रुवारी २०२४ नंतरची. पुण्यातलं चित्रण असेल तर पार्श्वभूमी बघा. चांदणी चौकातला जुना पूल दिसत असेल तर फीत २ ऑक्टोबर २०२२ च्या आधीची. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्येच पाडला गेला. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जाहीर सभा घेता येत नाही, तेव्हा मतदानाच्या ‘आदल्या रात्रीच्या सभेचा’ दावा आला तर जास्तच सावध राहा.

नुसता आवाज असलेली क्लिप सगळ्यांत अवघड. सभागृहाचा घुमारा, श्वास आणि श्रोत्यांची कुजबुज यांवर कान ठेवा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. व्हॉट्सअ‍ॅप ध्वनीची फाइल दाबून लहान करतं, त्यामुळे खरा आवाजही कृत्रिम वाटू शकतो. एआय ओळखणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाने दिलेला टक्का म्हणजे पुरावा नव्हे. अशी क्लिप बूम किंवा ऑल्ट न्यूज या बातम्यांची सत्यता तपासणाऱ्या संकेतस्थळांकडे, नाहीतर न्यूजचेकरच्या मराठी विभागाकडे पाठवा.

वक्तव्य सभागृहातलं असेल तर संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद बघा. तिथे शब्द सापडला नाही म्हणून तो उच्चारलाच गेला नाही, असं मात्र समजू नका. पीठासीन अधिकारी आक्षेपार्ह शब्द कामकाजातून काढून टाकू शकतात. एफआयआर दाखल असेल तर त्यात उद्धृत केलेले शब्द वाचा, पण ती तक्रारदाराची बाजू आहे. यूट्यूबच्या आधीच्या काळातल्या वक्तव्यासाठी छापील अंकच गाठावे लागतात. सभेच्या दुसऱ्या दिवसाचा शहर आवृत्तीचा अंक मागा, कारण रात्री उशिराची सभा बाहेरगावच्या आवृत्तीत आलेली नसते.

वाद पेटला की खुलासा येतो: ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला.’ हाही एक दावाच आहे, आणि तो तितक्याच काटेकोरपणे तपासायचा. पूर्ण भाषणात ते वाक्य त्याच अर्थाने आलं असेल तर खुलाशाने ते पुसलं जात नाही. उलट खुलाशात नेत्याने ‘मी असं म्हणालो’ हे मान्य केलं असेल, तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. म्हणून खुलासाही जपून ठेवा. पोस्ट आणि व्हिडिओ उडवले जातात, त्यामुळे सापडल्या क्षणी दुवा वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात साठवा आणि स्क्रीनशॉटमध्ये तारीख-वेळ दिसू द्या.

निष्कर्ष चारपैकी एक असतो: ‘तसं बोलले’; ‘बोलले, पण संदर्भ तोडला’; ‘शब्द वेगळे होते’; ‘पुरावा सापडला नाही’. शेवटच्या निष्कर्षाला ‘बोललेच नाहीत’ असं लिहू नका. ग्रुपवर उत्तर देताना मूळ प्लेट पुन्हा पाठवू नका. पाठवावीच लागली तर तिच्यावर आडवी लाल फुली मारा, आणि सोबत पूर्ण भाषणाचा दुवा, वाक्य येतं ते मिनिट-सेकंद आणि एका ओळीचा निष्कर्ष द्या.