मुंबई-लंडन प्रवासाचा वेळ तिकिटावरून कसा काढायचा

तिकिटावर मुंबईहून दुपारी २ला उड्डाण आणि लंडनला संध्याकाळी ७ला उतरणं दिसलं, तर प्रवास ५ तासांचा नाही. दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणून ५ अधिक साडेचार, साडेनऊ तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. नेमका इथेच हिशोब चुकतो.

अंतराचा पडताळा घ्यायचा तर हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. ताशी ८५० किमीने भागा, चढ-उतारासाठी अर्धा तास धरा: साधारण ९ तास. जाताना पश्चिमेकडून येणारे वरचे वारे समोरून लागतात म्हणून वेळ वाढतो, परतताना तेच पाठीशी असतात.

सोलापूरकरांनी मात्र घड्याळ घरापासून लावावं. दुपारच्या विमानासाठी आदल्या रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस बरी. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरून टॅक्सी करा. उड्डाणाच्या ३ तास आधी विमानतळावर पोहोचायचंय, आणि गाडीला उशीर होतोच हे धरून चाला.