लिनिअर बांधताय? ट्यूब सॉकेटात बसवायच्या आधी एवढं करा

कुणी लिनिअर, म्हणजे हॅम रेडिओची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर, बांधायला घेतला की पहिला फोटो येतो ट्यूबचा, मग कॉइलचा, मग पॅनलचा. प्रोटेक्शनचा फोटो कधीच येत नाही कारण ते "नंतर लावू" मध्ये असतं. मी पण तेच केलं होतं. माझी पहिली 3-500झेड ट्यूब गेली ती एका सोल्डरमुळे, ॲन्टेनाच्या केबलच्या पीएल-259 कनेक्टरच्या आत शिल्डचं सोल्डर बाहेरून चकचकीत आणि आतून सुटलेलं, 40 मीटर बँडवर संध्याकाळच्या गप्पा चालू होत्या आणि बोलता बोलता ॲन्टेना गायब. लोड, म्हणजे ॲन्टेना, गेला की प्लेटवरचं आरएफ (रेडिओ सिग्नलचं व्होल्टेज) इतकं झुलायला लागतं की खालच्या टोकाला प्लेटवर व्होल्टेजच उरत नाही, मग फिलामेंटमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जायचं सोडून मधल्या ग्रीडवर आदळतात. मी ग्रीडच्या मीटरकडे बघितलं तेव्हा काटा उजव्या कडेला जाऊन चिकटला होता. दोन-तीन सेकंद असतील फार तर, पण ग्रीडच्या बारीक तारांना तेवढं पुरतं. नंतर मल्टिमीटर लावला तर ग्रीड आणि फिलामेंट एकमेकांना भेटलेले.

म्हणून मी आता उलट्या क्रमाने बांधतो, आधी पॉवर सप्लाय आणि ट्रिप (ग्रीडचा करंट वाढला की लिनिअर आपोआप तोडणारं सर्किट), मग आरएफचा भाग, ट्यूब सगळ्यात शेवटी.

आता हिशोब. आपल्याकडे हॅम लायसन्सच्या जनरल ग्रेडला एचएफवर (3 ते 30 मेगाहर्ट्झ) 400 वॉट, रिस्ट्रिक्टेडला 50, म्हणजे रिस्ट्रिक्टेडवाल्यांनी आत्ता नुसतं वाचून ठेवा. 400 वॉटला एक 3-500झेड आरामात पुरते. ही झीरो बायस ट्रायोड आहे, ग्रीड सरळ चासीला (धातूच्या डब्याला) आणि ड्राइव्ह, म्हणजे रिगकडून (ट्रान्समीटरकडून) येणारा सिग्नल, फिलामेंटला, स्क्रीन सप्लाय नाही, बायस सप्लाय नाही, त्यामुळे बिघडायला गोष्टी कमी. प्लेट डिसिपेशन 500 वॉट आणि प्लेटला 4000 व्होल्टपर्यंत चालतं म्हणून लोक हौसेने 3000 च्या वर जातात. मी म्हणतो 2000 व्होल्टवर थांबा. 2000 व्होल्ट आणि 330 मिलीअँप म्हणजे 660 वॉट इनपुट, साठ टक्के एफिशियन्सी धरली तर 400 च्या आसपास बाहेर, आणि प्लेटवर जळतात अडीचशे-पावणेतीनशे वॉट, म्हणजे ट्यूब अर्ध्या झोपेत.

कमी व्होल्टेजचा दुसरा फायदा टँकमध्ये, म्हणजे ट्यूबला ॲन्टेनाशी जुळवणाऱ्या कॉइल-कंडेन्सरच्या सर्किटमध्ये (पाय नेटवर्क). प्लेट लोड काढायला व्होल्टेज भागिले 1.8 गुणिले करंट, इथे येतं साधारण 3400 ओहम. क्यू 12 धरून पाय नेटवर्क काढलं तर 40 मीटरला ट्यून (प्लेटकडचा कंडेन्सर) 79 पीएफ, लोड (ॲन्टेनाकडचा कंडेन्सर) 477 पीएफ, कॉइल 6.9 मायक्रोहेन्री. 80 मीटरला सगळं जवळपास दुप्पट. 10 मीटरला मात्र ट्यूनला फक्त 20 पीएफ उरतात आणि त्यातले बरेचसे ट्यूबची स्वतःची कपॅसिटी, वायरिंग आणि कंडेन्सरचं मिनिममच खाऊन टाकतं, व्होल्टेज वाढवलं असतंत तर हा आकडा अजून खाली गेला असता आणि 10 मीटर सोडूनच द्यावं लागलं असतं.

एक गंमत इथेच सांगतो. लोडच्या जागी जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची गँग (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) चालते! 50 ओहमवर 400 वॉट म्हणजे पीक 200 व्होल्ट, तेवढं त्या पातळ पट्ट्या सहन करतात, दोन्ही सेक्शन पॅरलल केले की 80 मीटरचं पण भागतं. पण ट्यूनच्या जागी चुकूनही लावू नका, तिथे आरएफचं पीकच पावणेदोन हजारांच्या घरात असतं, पट्ट्यांमध्ये निदान दीड-दोन मिलिमीटरची फट हवी.

आता पॉवर सप्लाय, जीव जायची जागा हीच. 800 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर आणि फुल वेव्ह डबलर, बिनलोडचे 2260 व्होल्ट, लोडवर 2000 च्या आसपास. प्रत्येक बाजूला 1एन5408 पाच-पाच सिरीजमध्ये. फिल्टरला 220 मायक्रोफॅरड 450 व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलिटिक सिरीजमध्ये, प्रत्येकावर येतात 377 व्होल्ट. आता कुणी म्हणेल पाचात भागलं असतं, पाचात प्रत्येकी 452 येतात आणि रात्री अकरानंतर आपल्याकडे लाईन 250 ला जाते तेव्हा काय होईल ते तुम्हीच बघा. सहा असले तर 250 ला पण 410 च.

प्रत्येक कंडेन्सरवर 100 के, 5 वॉटचा ब्लीडर. हा रेझिस्टर दोन कामं करतो, व्होल्टेज सारखं वाटतो आणि बंद केल्यावर चार्ज उतरवतो. आता हे नीट बघा. सहा मिळून 36.7 मायक्रोफॅरड, 2260 व्होल्टला साठतात 94 जूल. हॉस्पिटलात हृदयाची बिघडलेली लय ठिकाणावर आणायला शॉक देतात तो दीडशे-दोनशे जूलचा असतो, यावरून समजा. टाइम कॉन्स्टंट 22 सेकंद, म्हणजे स्विच बंद करून पूर्ण एक मिनिट थांबलात तरी आत दीडशे व्होल्ट असतात, दोन मिनिटांनी दहाच्या खाली येतात. आणि हे सगळे ब्लीडर धड असतील तर. एक जरी ओपन झाला तर बाकीचे पाच कंडेन्सर रिकामे होतात आणि तो एकटा पावणेचारशे व्होल्ट धरून गप्प बसतो, तास-तास. म्हणून अर्थिंगची काठी हवीच, पीव्हीसी पाइपच्या टोकाला हुक, हुकाला जाड लवचिक वायर, वायर चासीला कायमची बोल्टने घट्ट. आधी दोन मिनिटं थांबायचं, मीटर शून्याला आलाय बघायचं, मग काठी लावायची आणि काम चालू असेपर्यंत ती तिथेच अडकवून ठेवायची. झाकणाला मायक्रोस्विच लावा, झाकण उघडलं की मेन्स तुटला पाहिजे.

घरात आरसीसीबी (करंट गळला की मेन्स तोडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त असाल तर नका राहू. तो ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं काही बघत नाही, एचटीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपलीकडच्या हाय व्होल्टेजला, हात लागला तर त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं. एक हात खिशात ही जुनी सवय बरोबर आहे. घरच्यांना मेन स्विच दाखवून ठेवा, आणि मला चिकटलेलं दिसलं तर आधी तो पाडा मग मला हात लावा हे सांगून ठेवा.

मेन्सच्या बाजूला सॉफ्ट स्टार्ट. रिकामे कंडेन्सर चालू होताना शॉर्टसारखे वागतात, म्हणून प्रायमरीला सिरीजमध्ये 47 ओहम 25 वॉट आणि त्याला बायपास करणारा रिले. रिलेची 230 व्होल्टची कॉइल रेझिस्टरच्या पुढे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच जोडायची. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरतात, ट्रान्सफॉर्मरवरचं व्होल्टेज वर येतं आणि रिले आपोआप ओढतो. एचटी शॉर्ट असेल तर व्होल्टेज वर येतच नाही, रिले ओढत नाही, रेझिस्टर तापतो आणि तुम्हाला वासावरून कळतं. टायमरवाल्या सर्किटला ही अक्कल नसते, ते सेकंद मोजतं आणि शॉर्टवर पूर्ण मेन्स सोडतं.

एचटीच्या प्लस लाईनला, फिल्टर आणि प्लेट चोकच्या मध्ये, 50 ओहम 25 वॉटचा लांब वायरवाऊंड, याला ग्लिच रेझिस्टर म्हणतात. ट्यूबमध्ये एखादा आर्क झाला तर हे 94 जूल एका क्षणात तिथूनच जाणार. रेझिस्टर नसेल तर करंटला फक्त वायरिंगचा अडथळा, असेल तर 2260 भागिले 50, पंचेचाळीस अँप, त्याच्या वर नाही. रोजच्या वापरात त्याच्यावर सोळा-सतरा व्होल्ट पडतात, ते कुणाच्या लक्षात पण येत नाही. साधा काचेचा 230 वाला फ्यूज मात्र इथे लावू नका, तो उडतो पण आत आर्क चालू राहतो.

एचटीचा मायनस थेट चासीला जोडू नका. फिलामेंटच्या सेंटर टॅपपासून मायनसपर्यंत प्लेट करंटचा शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर), आणि सेंटर टॅपपासून चासीपर्यंत ग्रीडचा शंट, म्हणजे दोन्ही करंट वेगळे दिसतात. आणि मायनस ते चासी दोन 1एन5408 उलटसुलट. हे विसरलात आणि प्लस कुठे चासीला टेकला तर सगळा मायनस दोन हजार व्होल्ट खाली जातो, मीटर जळतात आणि सेंटर टॅपवर जे काही जोडलंय ते पण जातं.

आता ती ट्रिप, जी माझ्याकडे नव्हती. ग्रीडचा शंट 3 ओहमचा ठेवा. 200 मिलीअँपला त्याच्यावर 0.6 व्होल्ट येतात आणि बीसी547 चालू व्हायला साधारण तेवढेच लागतात. ट्रान्झिस्टरने 12 व्होल्टचा रिले ओढायचा, रिलेच्या एका कॉन्टॅक्टने त्याला लॅच करायचं आणि दुसऱ्याने लिनिअरची कीइंग लाईन (लिनिअरला ट्रान्समिटवर नेणारी वायर) तोडायची, रिसेटला पुश बटन. बेसला 1 के आणि 0.1 मायक्रो, नाहीतर आरएफनेच ट्रिप होत राहील. सगळा खर्च दोघांच्या मिसळीएवढा. ट्यूब बसवायच्या आधी बेंच सप्लायने शंटमधून 200 मिलीअँप सोडून ट्रिप खरंच पडते का ते बघा.

फिलामेंटला 5 व्होल्ट, 14.6 अँप. हे व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर नाही, सॉकेटच्या पिनांवर मोजायचं, कारण पंधरा अँपला वायरिंगमध्ये तीस मिलीओहम जरी असले तरी जवळजवळ अर्धा व्होल्ट गायब. 4.75 ते 5.25 च्या मध्ये हवं. फिलामेंटच्या चोकला जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओच्या फेराइट रॉडी चालतात, तीन एकत्र टेपने बांधून 14 नंबरच्या एनॅमल वायरचे 25-28 जोडीचे फेरे. हवा खालून सॉकेटमधून वर, ट्यूबभोवती काचेची चिमणी. नुसती प्लेट थंड ठेवून भागत नाही, पिना तापल्या की आतलं सोल्डर वितळून खाली गळतं आणि मग फिलामेंट मधूनच बंद-चालू होतं, लोक ट्यूब गेली म्हणून फेकून देतात. तशी शंका आली तर पिना पुन्हा सोल्डर करून बघा. बंद करताना आधी एचटी आणि फिलामेंट, ब्लोअर अजून दोन-तीन मिनिटं. प्लेट लालसर दिसली म्हणून घाबरू नका, या ट्यूबचा गेटर (आत उरलेला गॅस शोषणारा पदार्थ) प्लेटवरच असतो आणि तो तापल्यावरच काम करतो. वर्षानुवर्षं डब्यात पडलेली ट्यूब असेल तर आधी नुसतं फिलामेंट काही तास, मग एचटी हळूहळू.

बाकी पटापट. आउटपुट सॉकेटवर सेंटर ते चासी 2.5 मिलीहेन्रीचा चोक लावाच, ब्लॉकिंग कंडेन्सर (प्लेटचं डीसी अडवणारा) शॉर्ट झाला तर दोन हजार व्होल्ट ॲन्टेनावर जाण्याऐवजी चोकमधून चासीला जातात आणि फ्यूज उडतो, तुमचा डायपोल गच्चीत कपडे वाळत घालायच्या दोरीजवळ असेल तर हे दोनदा वाचा. प्लेटला पॅरासिटिक सप्रेसर (नको ती ऑसिलेशन दाबणारा), 47 ओहम 2 वॉटवर दोन-तीन फेरे, रेझिस्टर वायरवाऊंड नको. ग्रीडच्या तिन्ही पिना रुंद पट्टीने सरळ चासीला. रिगची कीइंग लाईन थेट लिनिअरच्या रिलेला नको, मध्ये ऑप्टोकपलर टाका. आणि क्रम असा हवा की आउटपुट रिले आधी बसेल, इनपुटचा मागून, रिगच्या मेनूत टीएक्स डिले असतो तो 15-20 मिलिसेकंद ठेवा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डात 100 वॉटचा बल्ब, ट्यूबशिवाय. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग ट्यूब, मग डमी लोड (ॲन्टेनाऐवजी लावायचा रेझिस्टर). आयडल करंट शंभर मिलीअँपच्या आसपास दिसेल. दहा वॉटपासून ड्राइव्ह देत ट्यूनने प्लेटचा डिप घ्यायचा, लोडने वर आणायचं, एका वेळी दहा सेकंद, मग विश्रांती. 330 प्लेटला ग्रीड शंभराच्या आसपास असला की जमलं. ग्रीड फार जास्त म्हणजे लोडिंग कमी पडतंय, फार कमी म्हणजे जास्त झालंय. ड्राइव्ह तीस-चाळीस वॉटच लागतो, पण काही रिग चाळीसवर ठेवले तरी पहिल्या अक्षराला शंभरचा झटका देतात, ती ट्रिप पडेल तेव्हा शिव्या रिगला द्यायच्या.

आणि पावसाळ्यात, कोकणात असाल तर जास्तच, ब्लोअरच्या तोंडाला बारीक जाळी लावा. गेल्या जुलैत माझ्या लिनिअरमधून फाटकन आवाज आला, ग्लिच रेझिस्टर काळा, फ्यूज गेलेला, ट्यूब ठणठणीत. दोन मिनिटं थांबलो, काठी लावली, झाकण काढलं, तर प्लेट चोकच्या खालच्या टोकाला आणि चासीला एकाच वेळी टेकलेली पाल, पार कडक. नवीन रेझिस्टर, नवीन फ्यूज, जाळी, संध्याकाळी परत 40 मीटरवर.