जुनी सेमी-ऑटो .२२ रायफल अडकतेय? या चुका टाळा

जुन्या .२२ (साधारण ०.२२ इंच व्यासाच्या गोळीच्या) सेमी-ऑटो, म्हणजे दर ट्रिगरला एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणाऱ्या, रायफलींचं एक बरं असतं, त्या सहजासहजी मरत नाहीत. मार्लिन मॉडेल ६० घ्या, रेमिंग्टन नायलॉन ६६ घ्या, नाहीतर १९६४ साली आलेली रुगर १०/२२ घ्या, वर्षानुवर्षं कपाटात पडून असलेली बंदूक हातात येते, दोन राउंड (काडतुसं) सुटतात आणि तिसरा अडकतो, की लगेच लोक म्हणतात "गेली ही". बहुतेक वेळा ती गेलेली नसते, फक्त घाण झालेली असते. तिची खरी वाट लागते ती पुढे, नवा मालक हौसेने स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो तेव्हा.

काहीही करायच्या आधी ती रिकामी आहे का ते बघा, आणि नीट बघा. ट्यूब मॅगझीनवाल्या (काडतुसं नळीत भरायच्या) रायफलीत आतली नळी बाहेर काढली तरी एखादं काडतूस ट्यूबमध्ये किंवा फीडच्या तोंडाशी लपून बसतं, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा) ओढला की तेच चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं तिथे) जातं. म्हणून नळी पूर्ण काढा, बोल्ट तीन-चार वेळा मागेपुढे करा आणि चेंबरमध्ये उजेड पाडून डोळ्याने बघा, बोट घालून बघा.

आता मुद्द्याचं. या रायफली साध्या ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे बोल्टला कुठलंही लॉक नाही, बोल्टचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच काय ते गोळी सुटेपर्यंत केस (काडतुसाचं पितळी कवच) धरून ठेवतं. हा साधेपणाच यांच्या टिकाऊपणाचं गुपित आहे आणि अडकण्याचं कारणही तेच, कारण राउंडचा जोर कमी पडला किंवा चेंबर चिकट झालं की बोल्ट पूर्ण मागे जातच नाही आणि रिकामी केस दारातच उभी राहते. त्यामुळे पहिली चूक म्हणजे सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाचे) किंवा टार्गेटचे मंद राउंड घालून बंदुकीला शिव्या देणं. ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) गोळीचा साधा हाय-व्हेलॉसिटी राउंड घाला, दोन-तीन ब्रँड बदलून बघा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. पण "मग अजून जोरदार घालू" हेही नको, अल्ट्रा-फास्ट राउंडने जुना बोल्ट आणि बफर (बोल्टचा धक्का झेलणारा तुकडा) उगाच मार खातात.

आणि बॅरलवर काय कोरलंय ते वाचा राव! .२२ म्हणजे सगळं एकच नसतं. विंचेस्टर मॉडेल १९०३ मध्ये .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक नावाचं वेगळंच काडतूस लागतं, नेहमीचं .२२ लाँग रायफल (हे काडतुसाचंच नाव) तिच्यात चालत नाही, लाँग रायफल घेणारं मॉडेल ६३ पुढे १९३३ साली आलं. जॉन ब्राउनिंगच्या डिझाइनवरची रेमिंग्टन मॉडेल २४ तर काही .२२ शॉर्टसाठी बनल्या, काही लाँग रायफलसाठी. नुसतं "बसतंय ना" म्हणून उडवू नका.

घाणीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळा खेळ तिथे आहे. .२२ ची गोळी बऱ्याचदा उघड्या शिशाची, त्यावर बाहेरून मेण किंवा ग्रीस लावलेलं, त्यात दारूची काजळी मिसळली की डांबरासारखा काळा थर बनतो. हा थर कुठे बसतो? एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस ओढून काढणाऱ्या) आकड्याखाली, बोल्टच्या तोंडावर आणि चेंबरच्या आत. ज्या चेंबरमधून वर्षानुवर्षं शॉर्ट राउंड उडवलेत तिथे शॉर्टच्या छोट्या केसच्या पुढे एक कडक रिंग तयार होते, मग लाँग रायफलची केस त्यात घट्ट बसते आणि निघायला मागत नाही. सॉल्व्हंट लावून थोडा वेळ थांबा, मग ब्राँझचा ब्रश चेंबरमध्ये हाताने गोल फिरवा, एक्स्ट्रॅक्टरखालचं टूथपिकने खरवडा. लोक बॅरल आरशासारखी चकचकीत करतात आणि या दोन जागांना हातही लावत नाहीत.

राउंड उडालाच नाही तर बॅरल सुरक्षित दिशेला ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, मग काढून रिमवरची (काडतुसाच्या मागच्या कडेवरची) खूण बघा. खूण फिकी असेल तर फायरिंग पिनच्या (रिमवर आपटून राउंड उडवणाऱ्या पिनच्या) खोबणीत जुनं तेल गोठून वार्निश झालंय किंवा घाणीमुळे बोल्ट पूर्ण बंद होत नाहीये. खूण खणखणीत असेल तर बहुधा राउंडच खराब. आणि आवाज फुसका आला तर लगेच थांबायचं, गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते, पुढचा राउंड अजिबात नाही.

साफ झाली की लोक तेलाने आंघोळ घालतात. नको, तेल काजळी धरून ठेवतं. नायलॉन ६६ चा बोल्ट तर नायलॉनच्या बॉडीतच सरकतो, तो कोरडाच चालावा म्हणून बनवलाय. तीच रायफल "बघू तरी आत काय आहे" म्हणून पूर्ण उघडू नका, परत जोडताना रडाल. तिच्यावर स्कोप लावून झीरो (जुळवलेला नेम) टिकत नाही म्हणून वैतागणारेही असतात, पण स्कोपची खाच नुसत्या पत्र्याच्या कव्हरवर आहे, ते कव्हर हलतं, त्याला स्कोप काय करणार!

रिकाम्या चेंबरवर ट्रिगर खटाखट ओढत बसणं ही वाईट सवय, रिमफायरची पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पाडू शकते. मार्लिन ६० मागून साफ करता येत नाही, म्हणून लोक पुढून रॉड घालतात आणि बॅरलच्या तोंडाची कड घासून टाकतात, मग नेम बिघडतो, त्यापेक्षा दोरीवालं पुल-थ्रू वापरा. तिच्यातला प्लॅस्टिक बफर मात्र आवर्जून तपासा, पिवळा पडून तडकला असेल तर बदला, किरकोळ काम आहे.

काही गोष्टी बिघाड नसतातच. सॅव्हेज आणि स्टीव्हन्सच्या त्या कल्ल्यांसारख्या फटी असलेल्या जुन्या रायफलीत ट्रिगर दाबून धरला की बोल्ट मागेच राहतो, सोडला की पुढे येतो, डिझाइनच तसं आहे. पण ट्रिगर सोडताना बोल्ट बंद होऊन गोळीच सुटली तर मात्र सरळ गनस्मिथकडे. तसंच जुन्या अमेरिकन .२२ वर सीरियल नंबर दिसला नाही म्हणून लगेच घाबरू नका, १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टआधी तो सगळ्यांवर सक्तीचा नव्हता, मात्र खोडल्याची खूण दिसली तर हात लावू नका.

आणि पार्ट शोधताना बॅरलवरच्या नावाला भुलू नका, सिअर्ससारख्या स्टोअरच्या नावाने विकलेल्या कितीतरी रायफली प्रत्यक्षात मार्लिन, सॅव्हेज किंवा हाय स्टँडर्डने बनवलेल्या आहेत, मूळ कंपनीचं मॉडेल शोधलं की एक्स्ट्रॅक्टर, स्प्रिंग बऱ्याचदा मिळून जातं.