गोव्यातून विनोदी मालिकेत जायचंय? आधी ऐकायला शिका

जत्रेच्या नाटकांत वाढलेली फोंडा-डिचोलीकडची मुलगी माझ्याकडे शिकायला येते, तेव्हा दोन गोष्टी ती घेऊनच आलेली असते : खणखणीत आवाज आणि अपरात्री पेंगणाऱ्या प्रेक्षकांना हसवायची सवय. ही सवय लाखमोलाची. आवाज मात्र आवरावा लागतो. देवळाच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा सूर कॅमेऱ्यापुढे भांडणासारखा वाटतो. पदराआड लावलेला माईक तुमचा उसासाही टिपतो, मुलींनो!

मैत्रिणीला समोर बसवा, संहितेतलं एक पान घ्या आणि तिची वाक्यं चालू असताना स्वतःचा चेहरा मोबाईलवर टिपा. विनोदी मालिकेत हशा पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. २००४ साली सुरू झालेल्या ‘साराभाई वर्सेस साराभाई’तली रत्ना पाठक शाह यांची माया बघा. सुनेचं बोलणं ऐकतानाच तिच्या चेहऱ्यावर पुढचा टोमणा तयार होत असतो, आणि तो ती आवाज न चढवता मारते. एकच प्रसंग आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका. मी शिकवताना सर्वांत जास्त वेळ यावरच घालवते.

सेटवर कुणी हसत नाही, हे नाटकवालीला फार जड जातं. मांडवात हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकायचं, हे अंगात भिनलेलं असतं. इथे टेक चालू असताना सगळं युनिट गप्प. थांबायचं किती, हे दिग्दर्शकाशी बोलून तालमीतच ठरवा. शिवाय तोच विनोद आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दिसेल अशा चित्रणात, मग क्लोजअपमध्ये, पुन्हा समोरच्याच्या बाजूने करायचा असतो. कप कोणत्या शब्दावर उचलला आणि कोणत्या हाताने, हे दर वेळी तेच हवं. घरी चहाचा कप घेऊन सराव करा.

बोलण्यातला कोंकणी हेल पुसून टाकू नका. सपाट प्रमाण मराठीही तयार ठेवा, म्हणजे भूमिकेप्रमाणे दोन्हींतलं हवं ते देता येईल.

ऑडिशन बहुतेक वेळा घरूनच पाठवायची असते. मोबाईल आडवा, डोळ्यांच्या रेषेत. खिडकीचा उजेड तोंडावर. नाव, वय, उंची, गाव सांगा, दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवा. ऑडिशनसाठी किंवा नावनोंदणीसाठी कुणी पैसे मागितले, तर फोन ठेवा.

निवड झाली की मुंबई. शूटिंग गोरेगाव, मढ, मीरा रोड, घोडबंदर या बाजूंना असतं, शिफ्ट बारा तासांची. मानधन बहुधा दिवसाच्या हिशेबाने ठरतं आणि हातात यायला नव्वद दिवस लागतात, म्हणून चारेक महिन्यांचं भाडं जवळ असल्याशिवाय मडगावहून गाडीत बसू नका. गोव्यात कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत काम करायचं असेल, तर त्या तारखा आधीच सांगून ठेवा. आणि महिन्याला कमीत कमी किती दिवस काम देणार, हे करारात लिहून घ्या. नाहीतर दिवसाचा आकडा कितीही मोठा असला, तरी खोलीचं भाडं निघत नाही.